एक मिनिट बंद करू नका

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
सकाळचे साडेसात, आणि लिफ्टचा लोखंडी दांडा आत्ताच हाताला चटका देतो.
तपासणीला दोन गाड्या, गिऱ्हाईक एकच:
हेमांगी खानोलकर,
अजमानच्या दवाखान्यात औषधं देते,
नऊ वर्षं बसच्या थांब्यावर उभी राहिली.
म्हणते, "खरं सांगा, कुठली घेऊ?"

खरं सांगायचे आम्ही अडीचशे दिरहम घेतो.

पहिली जर्मन. राखाडी, चार दारं,
दोन लिटरचं इंजिन, एक टर्बो.
चामड्याला आधीच्या मालकाच्या ऊदाचा वास,
मागच्या सीटवर बाळखुर्चीचे दोन खळगे
अजून भरून आलेले नाहीत.

दुसरी जपानी. दोनच दारं. लाल,
म्हणजे मिरचीचा नव्हे, वाळलेल्या आमसुलाचा.
सहा सिलिंडर, टर्बो दोन.
मागे दोघं बसतात असं कागदावर आहे.
मी डोकं घालून पाहिलं:
बाजाराची एक पिशवी बसेल,
तीही मांडी घालून.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवत जातो.
जर्मन: एकशे वीस, एकशे पंचवीस, एकशे वीस.
जपानी: एकशे दहा, एकशे दहा,
आणि डाव्या मडगार्डवर चारशे साठ.
"आपटलीय एकदा."
"दिसत तर नाही," ती बोटानं चाचपत म्हणते.
"दिसलं असतं तर यंत्र कशाला घेतलं असतं?"

मलेहाच्या रस्त्याला दोन्ही फिरवल्या.
जर्मन अशी निघते की कपातला चहा हिंदकळत नाही.
एकशे वीसला घंटी सुरू होते, इथल्या गाड्यांत असतेच,
पेपर संपायला दहा मिनिटं उरल्याच्या घंटेसारखी,
आणि ती मात्र घंटी ऐकत नाही, शहाणी पोर
पहिल्या बाकावर बसून अजून पुरवणी मागते.

लाल गाडीत पाय दाबला.
काही नाही.
अर्धा सेकंद, फक्त काही नाही.
देवगडला फोन लावला की माझं वाक्य पोचेपर्यंत
तिकडून बायको पुढचंच बोलायला लागते,
मग दोघं थांबतो, मग दोघं एकदम बोलतो,
तेवढी फट.
आणि मग सगळं एकदम येतं, पाठीत,
वाळू, खांब, उंटांच्या कुंपणाची जाळी.
हेमांगीबाई हसल्या. मोठ्यानं.
दवाखान्यात असं हसत नसाव्यात.

टर्बो म्हणजे काय, त्यांनी विचारलं.
म्हटलं, गाडी जो धूर बाहेर टाकते ना,
वाया जाणारा,
त्याच्यावरच एक चाक फिरवायचं,
आणि त्या चाकानं ताजी हवा कोंबायची आत.
कुरियन फोरमन म्हणतो, ओव्हरटाइमसारखंच,
आपलाच दम, आपल्यालाच परत,
थोडा तापवून.

तापण्यावरून आठवलं. दुपारी सेहेचाळीस झालं
तेव्हा तिसऱ्या खेचीला जपानी धापा टाकू लागली.
जर्मननं काही दाखवलं नाही,
पण खाली तेलाचा एक थेंब होता, तो मी लिहिला.

अहवालात सरळ मांडलं:
राखाडी घ्या. विकताना भाव येईल,
सुटे भाग मिळतात, आईवडील आले तर मागे बसतील.
त्यांनी सगळं वाचलं, पान उलटलं, कोरं होतं,
घडी घातली
आणि लाल गाडीचं दार उघडून
पर्स मागच्या सीटवर टाकली.

बरोबर मावली.

एकच सांगितलं: जोरात आलात की लगेच बंद करू नका,
एक मिनिट चालू ठेवा, टर्बोला थंड व्हायला.
नव्या गाड्यांना गरज नाही असं पुस्तकात आहे,
मी पुस्तकाच्या आधीचा आहे.

पैसे भरून त्या गाडीत बसल्या.
इंजिन सुरू, काचा वर, दोन्ही हात चाकावर,
गाडी जागच्या जागी.
मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.
एक मिनिट झालं. चार झाली.
पुढचा पिकअप लिफ्टसाठी हॉर्न मारत होता,
मी त्यालाच हात केला, थांब म्हणून.