पाव गाल

आप्पा बावीस वर्षं विंगेत बसले,
निपाणीत, तंबाखूच्या वखारीत,
जिथं पोती भिंतीला लावून
रंगमंच उभा राहायचा
आणि मरणाच्या प्रवेशात
मेलेला माणूस हमखास शिंकायचा.

मांडीवर पुस्तक, हातात बॅटरी,
नटाच्या जिभेपुढं अर्धा श्वास
चालणारी त्यांची कुजबूज.
तिन्ही अंक तोंडपाठ,
पण नाटक पाहिलेलं नाही.
त्यांच्या जागेवरून दिसायचा
एक कान, पाव गाल,
अंबाड्यातून निसटलेला आकडा.

परवा मी टीव्हीवर तेच नाटक लावलं.
मुंबईच्या स्टुडिओत कधीतरी चित्रित केलेलं,
रंग विटलेले, भिंती पुठ्ठ्याच्या.
आप्पांनी खुर्ची डावीकडं ओढली,
पडद्याच्या कडेला, सवयीनं,
आणि ओठ हलू लागले.

भाऊ वाटणी मागायला आलाय.
बहीण पाट मांडते, म्हणते,
"आधी जेवून घे."
कॅमेरा तिच्या अगदी जवळ गेला
आणि आप्पा गप्प झाले.
"हिथं ती हसती व्हय?
चंपूताई मिरजेहून यायची.
तिचं खांदं हलायचं, एवढंच दिसायचं मला.
मी समजत होतो, रडती."

शेजारची काशव्वा शेंगा सोलत बसलेली.
मराठी नाटक तिला निम्मं कळतं,
उरलेलं ती तोंडं बघून काढते.

दुसरा अंक सरला आणि एकदम शेवट आला.
दीड तासात बसवायला
मधला प्रवेश कुणीतरी उडवलेला.
आप्पा उठूनच उभे राहिले.
"आन् विहीर? विहिरीवरचं बोलणं कुठं गेलं?"
काशव्वानं विचारलं, "मुंद येन आत?"
मी टीव्ही थांबवला.

मग ते बोलले.
बहीण, भाऊ, पाण्याला आलेली सोयरी,
तिघंही एकाच कुजबुजीत;
मोठ्यानं बोलायची सवय
त्या जिभेला कधी नव्हतीच.
काशव्वा सूप घेऊन पुढं सरकली.
बाहेर बेळगावची बस
हॉर्न वाजवत गेली,
तेवढा वेळ ते थांबले,
आणि मग पुढची ओळ येईना.

पुस्तक वाळवीनं कधीच खाल्लेलं.
त्यांनी डावीकडं पाहिलं.
तिथं कपाट होतं, कपाटावर गादी.

"हसा की आप्पा," काशव्वा म्हणाली,
"हसलीच असंल ती."

आप्पांचे खांदे हलले.
मी दाराशी उभी होते, त्यांच्या पाठीमागं.