दावा क्रमांक तीन

पुण्याहून ओगलेबाईंची मेल आली तेव्हा
जळगावात पंचेचाळीस होतं
आणि सर्व्हरच्या खोलीतला कूलर आम्ही माणसांच्या खोलीत ओढला होता.
दावा एक ठीक, दावा दोन ठीक,
दावा तीन एका परदेशी पेटंटवर चढतो आहे,
शेजाऱ्याने दरवर्षी एक तास बांध कोरावा तसा.
बांधाचं मी जोडलं. वकील असं लिहीत नाहीत.

दावा तीन म्हणजे:
प्रश्न विचारल्यावर फोनवरचा माणूस
चार सेकंदांहून जास्त गप्प राहिला
तर यंत्राने तिथे खूण करावी,
आणि खुणा दोन असाव्यात,
लाइन तुटल्याची वेगळी, माणूस तुटल्याची वेगळी.
हर्षल फेगडेने शेवटचे तीन शब्द खोडले,
वर लिहिलं, वक्ता उपस्थित परंतु निःशब्द.

आमचं यंत्र ठिबकच्या तक्रारी ऐकतं.
रावेर, सावदा, चोपडा, दिवसाला नऊशे कॉल,
आणि उत्तरं देणाऱ्या पोरापोरींना मार्क देतं.
नमस्कार म्हणाली का, नाव विचारलं का.
"दखसू भाऊ" म्हणणाऱ्याला ते आधी शून्य द्यायचं.
मी त्याला महिनाभर अहिराणी ऐकवली.
आता अर्धा मार्क देतं.
दखसू म्हणजे नेमकं कधी, हे मात्र त्यालाही उमगलेलं नाही.

ओगलेबाईंनी दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी लावली होती,
आमचं आणि त्यांचं, खाली पिवळी रेघ.
जुळी भावंडं एका टोपड्यात.
मी त्या परक्या इंजिनिअरचा विचार केला,
त्याच्याही फोनवर कधीतरी कोणी गप्प झालं असणार
आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं असणार.

मेलच्या शेवटी होतं:
याआधी कोणी, कुठे, हेच केलेलं आढळतं का?
कागदावर हवं, तारखेसह. मिळालं तर त्यांचा दावा पडेल.

मला माहीत होतं कुठे.
अमळनेर, ट्रंक एक्स्चेंज, एकोणीसशे एकोणऐंशी,
ऑपरेटर द्वारका बोरसे. माझी मावशी.
पत्र्याच्या पेटीत, लोकरीच्या गुंड्यांखाली, तिची चार रजिस्टरं.
वेळ, नंबर, गाव, मिनिटं,
आणि शेवटच्या रकान्यात, ज्याला छापील नाव नाही,
कुठे फुली, कुठे ठिपका.
फुली म्हणजे लाइन गेली.
ठिपक्याआधी ती नखाने टेबलावर चार मोजायची.
ठिपका पडला की
तीन मिनिटं झाली तरी पिन काढायची नाही.
आमचं यंत्र त्याच ठिपक्याचे दोन मार्क कापतं.

फोटो पाठवले. तासाभरात उत्तर:
उत्तम पुरावा. त्यांचा दावा पडेल.
त्याच न्यायाने आपलाही.
एक शंका, हे रजिस्टर कोणाच्या नजरेस पडत होतं का?
फेगडे माझ्या खुर्चीमागे उभा होता.
म्हणाला, मावशीची वस्तू, मावशीच्या पेटीत बरी.
मग कूलरमध्ये पाणी ओतायला गेला,
जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं.

मी मावशीला फोन लावला.
"ते शेवटच्या रकान्यातलं तू कोणाला दाखवायचीस?"

तिकडे टक.
टक. टक.
टक.

"इन्स्पेक्टर यायचा धुळ्याहून, दर महिन्याला.
म्हणायचा, बाई, हे ठिपके कसले? शाई गळते का?
मी म्हणायचे, हो साहेब, टाक बदलून द्या."
"दिला?"
"सही करायचा आणि जायचा.
तुझं जेवण झालं का व माय?"

फोन ऑफिसच्या लाइनवरून केला होता.
सकाळी तोही यादीत आला:
नमस्कार नाही. नाव विचारलं नाही.
गप्प, अकरा सेकंद.
दोन कापले.
रजिस्टर अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
ओगलेबाईंना मी लिहिलंय, दखसू.