विसर्ग

केजच्या कोर्टासमोर, लिंबाखाली,
माझं मशीन सत्तावीस वर्षांचं.
विसर्गाची कळ मोडली आहे.
‘अधःपतन’ आलं की मध्ये जागा सोडतो
आणि दोन टिंबं पेनानं देतो.

हा शब्द रोज येत नाही.
रोज येतात कब्जा, वारस, तहकूब.
त्या दिवशी गहिनीनाथ घेऊन आला.
सनदेचा फॉर्म, सोबत शपथपत्र.
रकाना नववा : कधी शिक्षा झाली आहे काय?

मी म्हणालो, कोरा सोड. मुंबईत कोण बघतंय?
तो म्हणाला, हो लिहा.
पुढं कलम, केस नंबर, हर्सूल, सात वर्षं दोन महिने,
सगळं तोंडपाठ, जसे कुणाला आपल्या शेताचे गट नंबर असतात.
बांधावरचं भांडण. एक काठी.
‘सुटून दोन वर्षं झाली की अपात्रता जाते, कायद्यातच आहे.
मला तीन झाली.’
मग जरा थांबून,
‘आता त्यांना वाटलं पाहिजे.’

हर्सूलमध्ये त्यानं बराकीचे अर्ज लिहिले,
पॅरोल, फर्लो, आईच्या मयतीला चार दिवस.
एकाचं अपील बारा दिवस उशिरा गेलं.
आत सगळे दिवस मोजतात,
तेवढे बारा कुणी मोजले नव्हते.
तिथून हा नाद, म्हणाला.
प्रायश्चित्त वगैरे म्हणाला नाही. मला बरं वाटलं.

त्याला मी सांगितलं नाही
की त्याच्या जामिनाला हरकत
ह्याच मशीनवर उतरली होती.
‘आरोपी दांडगा व खुनशी.’
खुनशी हा शब्द माझा.
पक्षकाराला सुचत नव्हता.

तिसऱ्या दिवशी प्रयागबाई आली.
मेलेल्याची बहीण.
पाणी दिलं, प्याली नाही.
‘ल्ह्या, काठी मारणाऱ्याला काळा कोट देऊ नका.’
लिहिलं.
‘ल्ह्या, मव्हा भाऊ परत येणार न्हाई,
मग ह्यो कामून परत यायलाय?’
ते अर्जाच्या भाषेत बसेना. तसंच लिहिलं.
खाली माझं एक वाक्य घालायला घेतलं,
सदर इसमाचे नैतिक, वगैरे. हाताची सवय.

मग बराच वेळ ती काही बोलली नाही.
आत पुकारा झाला, कुणाचं तरी नाव, दोनदा.
कुणी गेलं नाही.
‘त्या बांधाचा दावा अजून चालूच हाय,’ म्हणाली,
‘आमचे दोन वकील मेले. तिसरा फोन उचलत न्हाई.’
आणि माझ्याकडं नाही, मशीनकडं बघत,
‘ह्यो फी किती घेईल?’

मी हसलो नाही. तीही नाही.
विचारत होती की टोमणा मारत होती,
आजही मला सांगता येणार नाही.

उद्या येते म्हणाली.
मंगळवारचे दोन बाजार झाले.

गहिनीनाथचं उत्तर आलेलं नाही.
साडेदहाला येतो, पांढरा शर्ट, समोरच्या बाकावर.
म्हाताऱ्यांना पुढची तारीख वाचून दाखवतो,
चहाचेसुद्धा पैसे घेत नाही.

माझ्या पेटीत तिचा अर्धा कागद आहे.
शेवटच्या ओळीत नैतिक,
मग अध,
मग दोन टिंबांएवढी जागा,
मग पतन.

पेन खिशातच आहे.