पल्याडचा दोर

आमच्या गावात एजंट हा शब्द
शिवीच्या जरा अलीकडं उभा असतो.
एक एजंट पोरांना बोअरच्या गाडीवर हैदराबादेला घेऊन गेला,
एक दामदुप्पटवाला पावतीबुकासकट गेला,
आणि तिसरा, मासळीचा,
दर पहाटे तलावाच्या पारीवर बुलेट लावून म्हणायचा,
काटा माझा, भाव माझा, बर्फ तुमचा.

म्हणून सोसायटीच्या फोनमध्ये हा नवा आला
तेव्हा मी म्हटलं, याला दुसरं नाव देऊ.
फागूजी म्हणाले, "राहू दे वो.
नाव गोड झालं का माणूस बेसावध होते."

याला मिशी नाही, खर्रा नाही, उसनं मागणं नाही.
पहाटे तीनला काट्यावर मासळी चढली
की हा गोंदियाशी बोलतो, नागपूरशी बोलतो.
तिकडंही आता व्यापारी उठत नाहीत,
त्यांचेही असेच कुणी जागे असतात.
अकरा सेकंदांत सौदा.
आम्हाला एका रोहूचे खवले काढायला जास्त वेळ लागतो.

सभा मोहाखाली भरली, खोली गळते.
"दोघंबी एकाच कंपनीचे असतील तं?" देवाजी.
"आपल्याले हासत असतील आपसात." शेवंता.
फागूजींनी एवढंच विचारलं, "त्याले भूक लागते का?"
नाही.
"मंग त्याले माशाची किंमत काय समजते?"
मागून कुणीतरी म्हणालं,
"भूक होती ते तं आपल्यालेच खाऊन गेले."
हसलो. मग बराच वेळ कुणी हसलं नाही.
एकोणीस विरुद्ध सतरा.
सतरांत मी होते, सचिव असून.

पौषातल्या एका पहाटे त्यानं विचारलं:
काटा बासष्ट सांगतो, तुमची वही अठ्ठावन्न.
कोणता आकडा धरू?

पंधरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
तपासणीचा साहेबही नाही; त्याला मरळ आवडते.

चार किलो बिरजाबाईचे.
तिचा माणूस तुडुमाच्या भोवऱ्यात गेला त्या सालापासून.
ठराव नाही, सही नाही,
टोपलीवर पळसाची पानं, बस.

मी सांगून टाकलं.
अंधारात कुणी नीट विचारलं की माणूस सांगून जातो.
तो म्हणाला, चार किलो विकले नाहीत असं लिहीन.
नव्हतेच, असं मला लिहिता येणार नाही.

राग आला.
बाबा रे, लिहिलेलं कापता येतं.
न लिहिलेलं पंधरा वर्षं टिकलं आहे.
यावर तो गप्प राहिला,
किंवा त्याच्याकडं बोलायला काही नसेल.

पुढच्या सभेत मला तोंडानं सांगावं लागलं.
बिरजाबाई पदर चावत बसली होती.
सगळ्यांना माहीत होतं.
सगळ्यांना वाटत होतं, आपल्यालाच माहीत आहे.
"लिवा," ती म्हणाली, "पण माह्यं नाव नोका लिवू.
तलावाचे, म्हना."
आता तसा रकाना आहे. तपासणी अजून व्हायची आहे.

जाळं ओढताना धुक्यात पल्याडचा डोंगा दिसत नाही.
फागूजी दोराला एक हिसका देतात आणि थांबतात.
तिकडून हिसका आला की मगच पाय रोवतात.
चाळीस वर्षं झाली.
पल्याड सख्खा भाऊ असतो, तरी.

रोज तीनला फोन थरथरतो: विकू?
मी बहुतेक वेळा हो म्हणते.
कधीमधी, भाव चांगला असतानाही,
म्हणते, थांब.
तो थांबतो.
मी शेकोटीत एक काटकी सारते,
ती पेटेपर्यंत बघते,
मग म्हणते, विक.

एकदा यात किलोमागं दोन रुपये गेले.
मी ते वहीत धरले नाहीत.
त्यानं धरले.