वासने

निळी आइसपेटी, पंचवीस लिटरची,
चिकोडी रोडवरच्या मोहिद्दीनच्या दुकानातली.
झाकण उघडलं की नव्या रेनकोटचा वास,
उन्हात तापलेल्या एस.टी.च्या सीटचा,
पहिलीतल्या पाण्याच्या बाटलीचा.
आत ठेवायचे होते चोवीस चिरूट.
जहाजावरच्या एका म्हाताऱ्या प्रवाशानं
उतरताना माझ्या हातात कोंबलेले,
रोज चादर नीट घातल्याबद्दल.
मी ओढत नाही.
पण टाकून कसे देणार?
निपाणीत? तंबाखू?

आधी खायचा सोडा, कोमट पाण्यात.
मग व्हिनेगर.
मग दोन दिवस गच्चीवर ऊन खात
पेटी पडली आ वासून, वाळवणाच्या मिरच्यांशेजारी.
पेटीला मिरचीचा वास लागला नाही,
मिरच्यांना पेटीचा लागला.
मग वर्तमानपत्राचे बोळे,
एका रात्री मराठी, एका रात्री कन्नड.
सकाळी एकेक हुंगून बघितला.
सीमेवरून दोघांचं कधी जमलं नाही,
या पेटीपुढे मात्र दोघांनी सारखेच हात टेकले.
कोळसा ठेवला. कॉफीची पूड ठेवली.
आता कॉफी प्यालेलं प्लास्टिक.

शेजारच्या निंगव्वा रोज जिना चढून येतात,
गुडघ्यावर हात ठेवून वाकतात,
पेटीत तोंड घालतात आणि निकाल देतात:
‘इन्नू वासने होगिल्ल.’
वास अजून गेला नाही, एवढंच म्हणतात बिचाऱ्या.
पण माझा मराठी कान ऐकतो
वासना अजून गेली नाही,
आणि चोरी पकडल्यासारखा
मी झाकण लावतो.

आई वखारीत चाळणीवर होती,
एकतीस वर्षं.
घरी आली की आधी मोरीत:
राख, डाळीचं पीठ, पिळलेल्या लिंबाची साल,
कोपरापर्यंत.
तरी भाकरीला यायचाच.
तापात कपाळावर हात ठेवला
की तापाआधी मला शिंक.
शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना.
घरी येऊन सांगितलं,
तर तिनं काही न बोलता माझं दप्तर धुतलं.
पुस्तकं काढायची राहिली.

परवा ती दारात येऊन बसली,
मी पेटी घासत होतो, चौथ्यांदा.
‘एवढं काय घासाय लागलाईस?’
म्हटलं, तंबाखूला दुसरा वास लागू नये म्हणून.
‘कशाला?’
‘तंबाखूला.’
ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली.
मग हसली. खोकला येईपर्यंत हसली,
पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि परत हसली.
‘सोड्यानं व्हय जातोय वास?
वासाला वासच हाकलतोय. काड्या आण जा.’

वखारीतून शेरभर काड्या आणल्या, फुकट,
आईचं नाव सांगितल्यावर.
तिनं पाण्याची चूळ भरली
आणि फुर्रकन फवारा मारला त्यांच्यावर,
भुरभुरीत पान चुरा होऊ नये म्हणून मारायची तसा.
तळाला काड्या, त्यावर
खानापूरच्या सुताराकडची शिवणीची फळी.
झाकण.
नऊ दिवस कुणी हात लावायचा नाही.

दहाव्या दिवशी निंगव्वांनी तोंड घातलं,
काही बोलायच्या आत
तीन शिंका दिल्या लागोपाठ.

काड्या काढून चिरूट मांडायला घेतले.
त्यातला एक आईनं उचलला,
कानाशी धरून बोटांनी दाबला,
मग नाकाखालून हळू नेला, या टोकापासून त्या टोकाला.
‘सावलीत वाळीवलाय,’ म्हणाली.
‘घाई केली न्हाई.
बाईचा हात हाय.’
आणि होता तिथं परत ठेवला,
तान्ह्याला ठेवावं तसा, डोकं सांभाळून.

मग उठली, भिंत धरत मोरीपर्यंत गेली,
बाह्या वर सारल्या कोपरापर्यंत,
आणि आतून विचारलं,
लिंबू हाय का रे घरात.