दोन वॅटचा दिवा

शेरबाज ट्रक बंदच करत नव्हता.
फाहूदहून इब्रीपर्यंत, जेवायला, नमाजाला,
एकदा तर चाक बदलायला थांबला तेव्हाही
इंजिन आपलं धडधडत उभं.
"बंद केला की मेला," म्हणाला,
आणि बॉनेटवर पंजा ठेवून राहिला,
ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

एकोणनव्वदचं मॉडेल, पाण्याचा टँकर.
दारावर आधीच्या दोन मालकांची नावं
रंगाखालून अजून वर येतात.
डिझेलचं एक बरं असतं,
पेटलं की त्याला ठिणगी लागत नाही,
स्वतःच्या दाबावर जळत राहतं.
फक्त रात्री दिवे पिवळे पडत जातात
आणि हॉर्न घसा बसल्यासारखा बोलतो.

मीटर लावला. तेवीस पॉइंट सहा.
इंजिन चालू असताना अठ्ठावीसच्या आसपास हवेत.
बेल्ट अंगठ्याने दाबून पाहिला, ताठ होता.
टर्मिनलवर हिरवट बुरशी, गरम पाणी ओतलं,
फेस आला, गेला. आकडा तसाच.
अर्थची पट्टी चॅसीपासून सोडवून घासली
चकचकीत होईस्तोवर. तसाच.
सनाईयात पाच वाजताही पत्रा चटका देत होता,
पाना ओल्या फडक्यात धरायचा.

"अल्टरनेटर तर नवा आहे," शेरबाज म्हणाला,
"दोनदा बदलला. पंचेचाळीस रियाल गेले.
जुना होता तेव्हा रेस दिली की कधीमधी उठायचा तरी."

मी तिथेच थांबलो.
जुन्या लोखंडात थोडी ओढ शिल्लक असते,
जोरात फिरवलं की आपल्या आपण जागं होतं.
नव्याला ती नसते.
त्याला आधी कुणीतरी बाहेरून
घोटभर करंट पाजावा लागतो.

"चार्जिंगचा लाल दिवा लागतो का?"
"नाही ना! कधीच नाही. म्हणून तर मला वाटलं,
चार्जिंगचं सगळं ठीक आहे."

इंजिन बंद कर म्हटलं.
दहा मिनिटं समजूत घालावी लागली.
शेवटी जम्पर केबल त्याच्या हातात दिली,
तेव्हा त्याने दांडी ओढली.
एवढी शांतता झाली की शेजारच्या वेल्डिंगवाल्या
बालनने काच वर करून पाहिलं.

चावी फिरवली. तेलाचा दिवा लागला.
त्याच्या शेजारी अंधार.
डॅशबोर्ड उघडला, वाळू निघाली, खजुराच्या बिया,
आणि कोपऱ्यातून चिमटीएवढा बल्ब.
कानाशी हलवला. आत तार किणकिणली.

आता शेरबाजला कसं सांगायचं,
की तक्रार करणारा आणि पहिला घोट पाजणारा
एकच असतो या जुन्या गाड्यांत?
ज्या तारेतून कळायचं की बिघडलंय,
तिच्यातूनच सुरुवात जायची.
दिवा गेला, तेव्हा बोंब मारायलाही कुणी उरलं नाही.

दोनशे बैसाचा बल्ब.
चावी फिरवताच लाल लागला.
शेरबाज घाबरला, "हे काय, आता खराब झालं?"
केबल लावून सुरू केला. लाल विझला.
सत्तावीस पॉइंट नऊ.
त्याने मला मिठी मारली, डिझेलसकट,
आणि निघताना, सवयीने,
चहाच्या टपरीपाशी इंजिन चालूच ठेवून उतरला.

शुक्रवारी शर्ट भिजवताना खिशात
तो जळका बल्ब सापडला.
म्हाप्रळला फोन लावला. मैमुना नेहमीसारखी,
सगळं ठीक, पोरं ठीक, पैसे मिळाले.
सात वर्षं हेच ऐकतोय, हेच ऐकून फोन ठेवतोय.
आज ठेवला नाही.
म्हटलं, काय दुखतंय ते सांग आधी.

पलीकडे बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाली, दाढ.
रमजानच्या आधीपासून.