समास

एकोणीस वर्षं मी ‘लिहून घ्या’ म्हणत आले.
स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद.
पोरांची बोटं दुखायची, माझा घसा,
आणि धडा संपायचा
दोघांनाही न शिवता.

यंदा भाद्रपदात आवाज बसला.
निवतीची शाळा, आठवीचा वर्ग.
फळ्यावर एवढंच लिहिलं: भरती-ओहोटी.
उरलेल्या आवाजात म्हटलं,
आज मी बोलेन, काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

एकवीस पेनं हवेत थांबली,
रापण ओढायला माणसं उभी
आणि दोरच कुणी हाती दिला नाही, तशी.

तास संपला, वह्या मागितल्या.
स्टेफी डिसोजानं सगळं टिपलं होतं, अगदी सगळं:
‘चंद्राच्या आकर्षणामुळे मागची खिडकी लाव रे
समुद्राचं पाणी फुगतं थांबा जरा खोकला येतोय’.
भाग्यलक्ष्मी गिरपनं शीर्षकाखाली
तीन रंगांच्या रेघा मारल्या होत्या;
रेघांखाली पान कोरं.
प्रज्योत मेतरच्या वहीत एक गोल,
त्यातून निघालेला बाण, एक अर्धा गोल,
‘रोज ५० मि. उशिरा’,
आणि शेवटी एक फुली.

त्याला उभा केला. हे काय?
“बाई, लिलावात मी असांच लिवतंय.
भरलेली पाटी गोल, अर्धी तर अर्धो गोल,
पैशे येवचे आसले तर फुली.
मावशी भरभर बोलता.
सगळां लिवत बसलंय तर मासे दुसरोच घेवन जाता.”

आणि इथली फुली?
“ह्यां माका कळाक नाय. मावशीक इचारतलंय.”

वर्ग हसला.
मला का नाही विचारणार, असं विचारलं
तर तो नखानं बाक कोरत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याची चिन्हं फळ्यावर काढली.
डावीकडे चार बोटं समास सोडा, म्हटलं.
“कशाक, बाई?”
जे यायचं बाकी आहे, त्याला.
मग वही मिटा, शेजारच्याला धडा सांगा,
अडलात की उघडा, तिथे फुली.

सोपं नव्हतं.
स्टेफीचे पप्पा होडीवरून थेट शाळेत आले,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली,
म्हणाले, वही अर्धी रिकामी कशी?
शिकवणं कमी केलंत काय?
मला उत्तर नीट देता आलं नाही.
रात्री मीही घाबरले होते:
पोरांनी जे सोडलं, नेमकं तेच परीक्षेत आलं तर?

काल स्टेफीच्या समासात सापडलं:
‘चंद्र खाडी ओढतो, मग आमची विहीर का नाही?’
त्याखाली दुसऱ्या शाईत, तिरपं:
‘आमची ओढता. आवशेक पाणी खारां लागता.’

लाल पेन उघडलं.
परत झाकलं.

कपाटातून माझी टाचणवही काढली,
एकोणीस वर्षांची, प्लास्टिकचं कव्हर पिवळं पडलेली.
‘भरती-ओहोटी’चं पान या काठापासून त्या काठापर्यंत भरलेलं,
माझं अक्षर सुबक,
एक फुली मावेल एवढीही जागा नाही.

शेवटी मुख्याध्यापकांच्या सहीला चिकटून
काढली एक.